गोंडवाना‘लँड’ म्हणजे पिवळा पीतांबर

एका ताईंनी विचारलंय की कॉन्टिनेंटल ड्रिफ्टला, म्हणजे खंड सरकतात या कल्पनेला, मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘खंडवहन’ म्हटलंय, क्लासच्या नोट्समध्ये ‘भूखंडवहन’ आहे आणि घरातल्या जुन्या कोशात ‘खंडविप्लव’ सापडला, तर यातला बरोबर शब्द कोणता. प्रश्न चांगला आहे, पण त्याच प्रश्नात त्यांनी सहज लिहून टाकलंय, ‘गोंडवानालँडपासून भारत वेगळा झाला तेव्हा...’, म्हणजे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया वगैरे ज्यात एकत्र होते त्या जुन्या दक्षिणेकडच्या खंडापासून, आणि माझं डोकं तिथंच अडकलं. वहनाचं नंतर बघू, आधी त्या लँडचा निकाल लावू.

टीव्हीवर, यूट्यूबवर, क्लासमध्ये, जिकडे तिकडे गोंडवानालँड. अरे, वाना म्हणजेच मुलुख ना? मग पुढे परत लँड कशाला? पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, तसलाच हा प्रकार. गोंडवाना एक्सप्रेसला कोणी गोंडवानालँड एक्सप्रेस म्हणत नाही, गडचिरोलीत 2011 साली विद्यापीठ झालं त्याचं नावही नुसतं गोंडवाना, मग खंडालाच शेपूट का?

आता लगेच कोणीतरी म्हणेल की वाना म्हणजे वन, गोंडवन, गोंडांचं जंगल. भूगर्भशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात हेच छापलेलं असतं, एकानं लिहिलं की दुसरा उतरवतो. मला हे कधीच पटलेलं नाही. वनाचं मराठीत आणि हिंदीत वनच राहतं किंवा बन होतं. वृंदावनाला कोणी वृंदावाना म्हटलेलं ऐकलंय? तो शेवटचा दीर्घ आ आला कुठून? राजपुताना, हरियाणा, लुधियाना, राजस्थानातलं डीडवाना, यांच्या रांगेत गोंडवाना बसवून बघा, कसा चपखल बसतो. अमक्यांचा मुलुख, अमक्यांची वस्ती. मधला व कुठून आला म्हणाल तर तो डीडवान्यातही आहेच की. काही शुद्धीवाले ‘गोंडवन’ लिहून आपण मूळ रूप शोधल्याच्या आनंदात असतात, त्यांना तो आनंद लखलाभ.

पण खरी गंमत वानात नाही, गोंडात आहे. गोंड स्वतःला गोंड म्हणत नाहीत, कोया किंवा कोइतूर म्हणतात. म्हणजे हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. कोणी दिलं आणि का, यावर दोन साहेबांचे दोन पक्ष. पुरातत्त्ववाले कनिंगहॅम म्हणाले गौड देशावरून गोंड आलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप म्हणाले तेलुगूत कोंड म्हणजे डोंगर, कोंडचं गोंड झालं, डोंगरातली माणसं. कनिंगहॅम मोठे, सगळं कबूल, पण बंगालकडचा गौड उचलून सातपुड्यात आणायचा आणि शेजारी दारात उभी असलेली तेलुगू सोडायची, याला काय म्हणावं! माझं मत हिस्लॉपला. गोवळकोंडा आपण रोज म्हणतो, नागार्जुनकोंडा म्हणतो, तोच हा कोंड. आणि क चा ग व्हायला काय लागतं, कंदुकाचा गेंद झालाच ना.

इथून पुढचं माझं स्वतःचं आहे, कोणाच्या माथी मारू नका. कोंड म्हणजे डोंगर आणि आणा म्हणजे ठिकाण, आता सिंहगडाचं जुनं नाव आठवा: कोंढाणा! सगळे कौंडिण्य ऋषींची गोष्ट सांगतात, पण आपल्याकडे ज्या गावाच्या नावाचा अर्थ लागत नाही तिथं एक ऋषी तपाला बसवायची पद्धतच आहे. मला तर कोंढाणा आणि गोंडवाना हे चुलतभाऊच वाटतात. ड चा ढ कसा झाला हे मला अजून नीट बसवता आलेलं नाही, पुण्याचे लोक तेवढंच धरून बसतील, बसू देत.

हां, तर हिस्लॉप. या माणसाबद्दल मला भारी प्रेम आहे, कारण हा एका हातानं गोंडांचे शब्द आणि गाणी गोळा करत होता आणि दुसऱ्या हातानं नागपूर-कामठीच्या दगडांतले जीवाश्म. 1863 मध्ये नागपूरजवळ पुरात बुडून गेला, नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. त्यानं फोडलेल्या त्याच जातीच्या खडकांना पुढं 1872 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉटनं ‘गोंडवाना’ नाव दिलं, 1876 मध्ये त्याच खात्यातल्या फाइस्टमान्टेलनं ते पहिल्यांदा छापलं. म्हणजे गोंड शब्दाची फोड करणारा आणि गोंडवाना खडकाची फोड करणारा माणूस एकच, आणि बिचाऱ्याला दोन्हीची पुढं गाठ पडणार हे माहीतच नव्हतं.

बल्लारपूरला माझे मावसाजी कोळसा खाणीत होते, त्यांच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी एक काळा, पाटीसारखा दगड असायचा. त्यावर पानाचा ठसा, जिभेसारखा लांबट, मधोमध जाड शीर आणि दोन्हीकडे जाळी. मावसाजी म्हणायचे आंब्याचं पान आहे. ते ग्लॉसोप्टेरिस, याच गोंडवाना खडकांतलं, वय पंचवीस कोटी वर्षांच्या पुढे. ग्रीक ग्लोसा म्हणजे जीभ आणि प्टेरिस म्हणजे नेचा, गंमत म्हणजे तो नेचा नाहीच, बी येणारं झाड आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती गारठून मेले तेव्हा त्यांच्या सामानात सोळाएक किलो दगड होते, शेवटपर्यंत टाकले नव्हते, त्यातही हेच पान निघालं. आणि मे महिन्यात 47 अंशांवर भाजणाऱ्या चंद्रपूरजवळ, इरई नदीकडे, चुनखडीवर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. हो, हिमनदी, चंद्रपुरात. या सगळ्या जमिनी एकेकाळी जोडलेल्या होत्या म्हणतात ते अशा खुणांवरून.

बरं, लँड कोणी लावलं? व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस या भूगर्भवाल्यानं, 1885 मध्ये. आणि इथं मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, कारण त्याच्या डोक्यात गोंड नव्हतेच, खडक होते. गोंडवाना जातीचे खडक जिथं जिथं सापडतात ती भूमी, म्हणून गोंडवाना-लँड. काही भूगर्भवाले आजही हट्टानं हेच रूप धरतात, म्हणतात गोंडवाना हा भारतातला प्रदेश आणि गोंडवानालँड ते जुनं खंड, घोळ नको. त्यांना धरू देत, ते निदान कारण देतात. यूट्यूबवाल्याकडं काय कारण आहे? आणि एक सांगतो, झ्यूसच्या मते हे खंड तुटून सरकलं वगैरे नाही, मधली जमीन समुद्रात बुडाली. म्हणजे ‘गोंडवानालँड सरकलं’ असं म्हणणारे त्याचा शब्द घेऊन त्याच्याच उलट बोलत असतात.

सरकलं हे म्हणणारा आल्फ्रेड वेगेनर, 1912 मध्ये, आणि तो मुळात हवामानवाला, म्हणून भूगर्भवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं उभं केलं नाही. सगळी खंडं एकत्र होती त्या पँजियाबद्दल बोलत नाही, पॅन म्हणजे सगळं आणि गाया म्हणजे पृथ्वी हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग लॉरेशिया, ती तर सरळ लॉरेन्शिया (उत्तर अमेरिकेचा जुना गाभा) आणि युरेशिया यांची खिचडी.

अरे हो, ताईंचा प्रश्न. वेगेनरचा जर्मन शब्द फर्शिबुंग, म्हणजे सरकणं, जागा बदलणं. त्यात वाहणं नाही आणि तरंगणंही नाही, ते इंग्रजी ड्रिफ्टनं आत आणलं. खंडविप्लव करणाऱ्यानं प्लव म्हणजे तरंगणं हे बघितलं, व्युत्पत्ती उत्तम, पण मराठीत विप्लव म्हणजे बंड, वाचणाऱ्याला वाटतं खंडांनी मोर्चा काढलाय. भूखंडवहन तर नकोच, भूखंड म्हटलं की आपल्याला एनए प्लॉट आणि घोटाळा आठवतो. खंडवहन त्यातल्या त्यात बरा, फक्त वहन म्हटलं की कोणीतरी वाहून नेतोय असं वाटतं, विद्युतवहन म्हणतो तसं. मी घरी बोलताना ‘खंडांचं सरकणं’ म्हणतो, कोणाला अडत नाही. मुलानं मात्र पेपरात पुस्तकातलं खंडवहनच लिहावं, माझा शब्द लिहिला तर मार्क जातील, आणि लँड लिहिलं तरी बाई काही मार्क कापणार नाहीत हे मला माहीत आहे.