अर्धवट क्विल्ट आधी बाहेर काढ

अगं, आधी सगळे अर्धवट क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून शिवतो त्या गोधड्या) कपाटातून काढून जमिनीवर पसर. कशाचं किती काम उरलंय ते चिठ्ठीवर लिहून त्यालाच टाचून ठेव. ज्याला फक्त कडेची पट्टी लावायची राहिलीय तो पहिला घे, लवकर होतो आणि हुरूप येतो.

वरचा थर जोडून झाला असेल तर उलटा करून बघ. पाव इंचाची शिवण कुठे अगदी काठावर गेली असेल तर आताच उसवून नीट घाल. अस्तर लागल्यावर तिथे हात पोचत नाही.

आणि ज्यात जीवच रमत नाही तो सोडून दे, खरंच. माझा एक निळा क्विल्ट मी सहा वर्षं नुसती घडी बदलत ठेवला होता. शेवटी त्याचे चौकोन उशीच्या अभ्र्यांना लावले, फार गोड दिसतात.