बशीतला चहा

प्रिय चिऊ,

शनिवारी परत येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, आजीनं चहा बशीत ओतला तेव्हा तू लाल का झालास? तसं प्यायचं नसतं का?" मी म्हणालो, "रस्ता अरुंद आहे, नंतर सांगतो." डेव्हनचे रस्ते अरुंद असतात हे खरं, पण तेव्हा मला उत्तर द्यायचं नव्हतं हे जास्त खरं. आता लीड्सच्या या हॉटेलात संध्याकाळ मोकळी मिळालीय, तर लिहितो. अडलं तर आजीकडून वाचून घे. तिनं वाचलं तरी चालेल.

लाल झालो, कारण मला लाज वाटली. तुझी नाही, आजीची. आणि ती का वाटावी, हे मला नीट सांगता येईना.

खरं तर आजीला ती टी-रूम फार आवडली होती. आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "अरे, किटलीला स्वेटर घातलाय!" नांगरणाऱ्याचं जेवण म्हणून मी मागवलेलं ताट बघून म्हणाली, "पाव, चीज आणि कांद्याचं लोणचं. म्हणजे आपली भाकरी-कांदाच की." (ते ताट नांगरणाऱ्यांनी नव्हे, चीज विकणाऱ्यांनी गेल्या शतकात गाजवलं. पण हे तिला सांगितलं नाही.) स्कोनसोबत क्लॉटेड क्रीमची वाटी आली, तेव्हा तिनं बोटानं चाखून निकाल दिला, "ही साय आहे. एवढ्या सायीचं पावशेर तूप निघालं असतं." चूक काहीच नाही त्यात. दूध मंद आचेवर बराच वेळ तापवून, न ढवळता निवू दिलं की वर जाड थर धरतो, तोच काढतात. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी साय आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजतं. आजीनं दोन्ही एकत्र कालवलं.

मग चहा आला. आजीनं कपात डोकावून पाहिलं, "उकळलेला दिसत नाही" असं पुटपुटली, दूध घातलं, कप उचलला आणि अर्धा चहा बशीत ओतला. दोन्ही हातांनी बशी तोंडाशी नेऊन फुर्रर्र केलं. मी ताबडतोब शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथले आजी-आजोबा टेबलाखालच्या कुत्र्याला सँडविचचे तुकडे भरवत होते. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. पाहणारा मी एकटाच होतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे. बशीतून पिण्यात चूक काय? काही नाही. कपात चहाचा वरचा भाग इवलासा असतो, बशीत तो पसरतो, म्हणून लवकर निवतो. आजोबा वाईच्या डेपोत एसटीचे कंडक्टर होते. गाडी वाटेतल्या स्टँडवर पाच मिनिटं थांबणार, चहा उकळता मिळणार, आणि घंटी तर आपल्यालाच वाजवायची. बशी नसती तर आजोबांना चहा मिळालाच नसता.

आणि बशी म्हणजे दुसरा कपच. तू मराठीत शब्द शिकलीस ना, 'कपबशी'? आम्ही एकटा कप कधी म्हणतच नसू. कॅन्टीनमध्ये एक चहा सांगायचा, कप मित्रापुढे सरकवायचा आणि आपण बशी घ्यायची. घरी दूध कमी असलं की आजी एकच कप चहा करायची. कप आजोबांना, बशी तिला. मला पहिला चहा बशीतलाच मिळाला, सहावीत असताना, पारले-जी बुडवून. बिस्किट बशीत विरघळलं तरी चमच्यानं खाता यायचं. कपात तळाशी गेलं की गेलं.

इंग्रज तरी काय वेगळे? १८व्या शतकात त्यांचे कप चीनहून येत, बिनकानाचे, हाताला चटका देणारे. चांगली चांगली माणसं चहा बशीत ओतून पीत. पुढे बशीतून पिणं गावंढळ ठरलं, पण कामकरी घरांतली म्हातारी माणसं गेल्या शतकापर्यंत तसंच पीत राहिली. आणखी एक गंमत सांगतो. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाची राणी झाली. इथल्या दरबारात चहाचा शौक तिनं आणला असं मानतात. तिच्या हुंड्यात राजाला काय मिळालं माहीत आहे? मुंबई! सहा वर्षांनी त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊनही टाकली. शनिवारी आपलं चौघांचं बिल त्याच्या सहापट झालं.

चहावरून इकडे तिकडे बघणारा मी पहिला मराठी माणूस नाही, एवढाच मला धीर. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये भाषणाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी घोट घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्यायले म्हणून गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं; टिळकांनी आपण ते काशीत घेतल्याचं सांगितलं. त्या पुण्यात साहेबाचा चहा प्यायला म्हणून लाज. मला साहेबासारखा प्यायला नाही म्हणून.

पण तुला हे सगळं लिहिता लिहिता मला दुसरंच काही आठवलं, आणि खरी लाज वाटली ती त्याची. आजीला आपल्याकडे येऊन तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी तिला माझ्या ऑफिसच्या त्या जाड मगमध्ये चहा देतो. ती तो खिडकीत ठेवते, अर्धा पिते, उरलेला गार होतो, मी ओततो. मला वाटायचं, तिला इथला चहा आवडत नाही. आपल्या घरात अकरा मग आहेत, चिऊ. मी मनात सगळी कपाटं उघडून पाहिली. बशी एकही नाही. शनिवारी तीन आठवड्यांनी तिला पहिल्यांदा बशी मिळाली होती.

आज जेवणाच्या सुटीत इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये गेलो. निळ्या फुलांच्या दोन कपबशा मिळाल्या, तीन पौंडांना. एका बशीच्या कडेला टवका उडालाय, ती मी घेईन. गुरुवारी रात्री पोचतो. आजीला आत्ताच सांगू नकोस. आलं मात्र आणून ठेवायला सांग आईला.

तुझा,
बाबा