सही करू की नको?

प्रिय मावशी,
माझी मुलगी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीत आहे. तिच्या बाकावरचा मुलगा एकदम चिडतो, दप्तर भिरकावतो. गेल्या आठवड्यात त्यानं तिच्या हाताला पेन्सिल टोचली. त्याआधी एकदा ढकललं होतं. दोन्ही वेळा मधली सुट्टी नुकतीच संपली होती. आता 'त्याला शाळेतून काढा' असा अर्ज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. सही नाही केली, तर मी माझ्याच लेकीच्या विरोधात गेले असं होईल का?
– एक आई

अगं, सही करू नकोस. आणि लेकीला दुखलंय, हेही कोणाला विसरू देऊ नकोस.

तो अर्ज मुळात फुकट जाणार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिक्षा म्हणून मुलाला मारायला आणि त्याच्या मानसिक छळालाही त्यात बंदी आहे. म्हणजे सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी सोमवारी तो त्याच वर्गात असेल, फक्त आपण कोणालाच नको आहोत हे कळल्यामुळे आणखी बिथरलेला.

आधी बाकाचं बघ. वात्रट मुलाशेजारी शहाणी मुलगी बसवायची, ही आपल्या शाळांची जुनी युक्ती. मला ती अजिबात पटत नाही. त्याला सांभाळणं ही तिसरीतल्या पोरीची नोकरी नव्हे! जागा बदलून माग, हक्कानं. त्याच्याशी खेळायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू दे. दुखलं तर मोठ्यानं 'नको' म्हणायचं आणि बाईंना सांगायचं, याला चहाडी म्हणत नाहीत, एवढं घरी समजाव.

आता तूच लिहिलेली गोष्ट घे: दोन्ही वेळा मधली सुट्टी संपल्यावर. घंटा, जिन्यात रेटारेटी, अख्ख्या मजल्याचा कल्ला आणि लगेच 'वह्या काढा'. काही मुलांना हे झेपत नाही. भूक असेल, घरचं काही असेल, आणखी काही असेल. निदान डॉक्टर करतील, ग्रुपवरच्या आया नव्हेत. बाईंनी मात्र दोन आठवडे नोंद ठेवावी: तो कधी चिडला, त्याआधी काय झालं. मग जिना रिकामा झाल्यावर त्याला वर आणायचं, पाणी पिऊन जरा बसू द्यायचं की फळा पुसायला द्यायचा, ते करून बघता येतं. भरलेल्या वर्गात एकट्या बाईंना हे जड जातं, मान्य. म्हणून सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या, अशा मुलांना मदत करणाऱ्या विशेष शिक्षकांना बोलवा, असं मुख्याध्यापकांना सांग.

त्याच्या आईनं आपणहून विचारलं, तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं फार जड जातं का याची, तपासणी होते हे सांग. न विचारता नको. तिला सल्ले देणारे आधीच पुष्कळ असतील.

जागा, नोंद, विशेष शिक्षक, एवढंच लिहून तुझा स्वतंत्र अर्ज दे. सही मागायला कोणी आलं, तर तोच पुढे कर.