टीव्हीवरच्या राजकीय चर्चा पाहून लोक मत बदलतात का?

तुम्ही विचारलंय की वडील रोज रात्री दोन-दोन तास चॅनलांवरच्या चर्चा बघतात, निवडणूक आली की घरात दुसरा विषयच नसतो, तर या चर्चांमुळे कोणाचं मत खरंच इकडचं तिकडे होतं का.

मी नागपुरात शाळेत शिकवते आणि काही वर्षांपासून बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवरच्या निवडणूक अधिकाऱ्याचं काम माझ्याकडे आहे. मतदारयादीसाठी दारोदार जायचं, नावं तपासायची, मतदानाआधी चिठ्ठ्या वाटायच्या. कोणी कोणाला मत दिलं ते मला कळत नाही, मी विचारतही नाही. पण उन्हातून आलेल्या बाईला लोक पाणी देतात, बसवतात आणि आपणहून बोलतात. ते ऐकून आणि या विषयावर थोडंफार वाचून माझं मत असं झालंय की एका पक्षाचं मत दुसऱ्या पक्षाकडे नेण्याचं काम या चर्चा फार क्वचित करतात. त्या दुसरं काहीतरी करतात, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आधी घरचं सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झालेले. एप्रिलमध्ये आमच्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या घरघरीत ऐकू यायचं तर टीव्ही मोठ्यानं लावावा लागतो. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी रात्री जेवणं झाली की दोन्ही एकदम सुरू व्हायचे. मामाजींचे एक मित्र आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो, अजनीला सोबत नोकरी केलेले, तीस वर्षांपासून रोज सकाळी बगिच्यात सोबत फिरणारे. तेही रात्री तोच कार्यक्रम बघायचे. सकाळी मामाजी म्हणायचे, "काल आपल्या माणसानं त्याची बोलतीच बंद केली." काका म्हणायचे, "बोलती तर तुमच्याची बंद झाली होती, तुम्ही काय पाहून राहिले होते?" दोघांनी पाहिलेला कार्यक्रम एकच आणि निवेदकही एकच, पण जिंकून दोघेही उठलेले. दोघांचीही मतं जिथं होती तिथंच राहिली, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. मात्र पंधरा दिवसांत दोघांच्या फिरायच्या वेळा वेगळ्या झाल्या. दिवाळीला फराळाचे डबे गेले-आले, पण सकाळची वेळ अजून वेगळीच आहे.

तुमच्या प्रश्नात 'चर्चा' हा एकच शब्द आहे, पण त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी येतात. आपल्याकडे रात्री दिसते ती प्रवक्त्यांची चर्चा. पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येकीत एक माणूस, आणि त्यातला बहुधा एकही तुमच्या मतदारसंघात उभा नसतो. दुसरी म्हणजे उमेदवारांनी समोरासमोर उभं राहून केलेला वाद, जसा अमेरिकेत अध्यक्षपदासाठी होतो. तसा वाद आपल्याकडे देशपातळीवर झालेलाच नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं पत्र पाठवलं होतं. राहुल गांधींनी तयारी दाखवली, पण चर्चा काही झाली नाही.

अमेरिकेचं उदाहरण निघालं की लोक २६ सप्टेंबर १९६० ची केनेडी आणि निक्सन यांची चर्चा सांगतात. टीव्हीवर ती सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिली. केनेडी ताजेतवाने आणि निक्सन आजारातून उठलेले, म्हणून टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. ही गोष्ट मीही वर्गात सांगितली आहे. पण रेडिओचा तो भाग एका छोट्या पाहणीवर उभा आहे आणि अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका घेतल्या आहेत. शिवाय त्या निवडणुकीत जवळपास ६ कोटी ८८ लाख मतं पडली आणि दोघांत फरक होता १ लाख १२ हजारांच्या आसपास. इतक्या निसटत्या निकालात कोणतीही एक गोष्ट उचलावी आणि 'हिच्यामुळे झालं' म्हणावं, खोटं कोण पाडणार? निकाल कशाने फिरला हे अशा वेळी कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

अलीकडचं बघा. २०१६ मध्ये तिन्ही चर्चांनंतरच्या पाहण्यांत हिलरी क्लिंटन पुढे होत्या, अध्यक्ष झाले ट्रम्प. १० सप्टेंबर २०२४ च्या चर्चेत कमला हॅरिस सरस ठरल्या असं बहुतेक पाहणाऱ्यांनी सांगितलं, नोव्हेंबरात त्या हरल्या. याउलट २७ जून २०२४ ला बायडेन चर्चेत अडखळले आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारीच सोडली. मग चर्चेचा परिणाम झाला की नाही? झाला, आणि जबरदस्त झाला. पण बायडेन यांना बाजूला व्हायला लावलं ते त्यांच्याच पक्षातल्या पुढाऱ्यांनी आणि देणगीदारांनी. मतदारांचे आकडे त्या मानानं थोडेच हलले होते. घाबरला तो पक्ष.

या विषयावरचा मला सगळ्यात भक्कम वाटलेला अभ्यास कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या दोघांचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९५२ पासूनच्या १० देशांतल्या ६२ निवडणुका आणि टीव्हीवरच्या ५६ चर्चा त्यांनी तपासल्या. त्याच माणसाला निवडणुकीआधी एकदा आणि नंतर एकदा विचारलं, आणि चर्चेच्या आधी भेटलेल्या आणि नंतर भेटलेल्या लोकांची तुलना केली. शेवटच्या दोन महिन्यांत १७ ते २९ टक्के मतदार आपलं मत पक्कं करतात असं निघालं, म्हणजे माणसं दगडासारखी नसतात, हलतात. पण चर्चेमुळे हलल्याची खूण सापडली नाही. पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींचाही तसा परिणाम त्यांना दिसला नाही.

हे आपत्तीचं वाचून मी थबकले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दारांत मी चिखलानं खराब झालेले दिवाण, फुगलेली कपाटं आणि वाळत घातलेली मुलांची पुस्तकं पाहिली, आणि मनात धरून बसले की हा राग पुढच्या मतदानात दिसणार. १९ एप्रिल २०२४ ला मतदान झालं आणि नितीन गडकरी १ लाख ३७ हजार मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये हा फरक २ लाख १६ हजार होता, म्हणजे कमी झाला खरा, पण तो पुरामुळे की समोरच्या उमेदवारामुळे की आणखी कशामुळे हे मी सांगू शकत नाही. जे दृश्य आपल्याला हलवतं ते सगळ्यांचं मत हलवेल असं आपण गृहीत धरतो. चर्चांच्या बाबतीतही आपण हेच करतो.

विदर्भातच मत केवढं हललं ते त्याच वर्षी दिसलं. जूनमध्ये लोकसभेच्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या ६२ पैकी बहुसंख्य जागा महायुतीनं घेतल्या. मधल्या काळात चॅनलांवरच्या चर्चा त्याच होत्या, चेहरेही बरेचसे तेच. दारात लोक काय बोलायचे ते सांगते. लोकसभेच्या वेळी सोयाबीन-कापसाचे भाव आणि 'संविधानाला हात लावतील का' ही भीती. विधानसभेच्या वेळी बायकांच्या तोंडी एकच गोष्ट, लाडकी बहीण. ऑगस्टमध्ये पहिले ३,००० रुपये खात्यात आले, तेव्हा आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईनं मला मोबाइलवरचा बँकेचा मेसेज तीनदा वाचायला लावला. "म्याडम, माह्या नावानं आले ना?" भाव पडल्याचं कळमन्याच्या बाजारात कळतं आणि पैसे आल्याचं खात्यात. ते कळायला टीव्ही लागत नाही.

माणूस माणसाचं ऐकतो हेही जुनं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९४० च्या निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच लोकांना महिनोनमहिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं होतं. काठावरच्या लोकांना रेडिओ आणि वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त लागतो असं त्यांना आढळलं. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर संध्याकाळी उभं राहिलं तर हे आजही दिसेल. रात्रीच्या चर्चेतलं एखादं वाक्य तिथं येतं, पण कोणीतरी ते आपल्या शब्दांत सांगतो, आणि वजन पडतं ते त्या सांगणाऱ्याचं. तो माणूस कोणाच्या दवाखान्यात रात्री धावून गेला होता, कोणाच्या पोराला आयटीआयमध्ये घालायला सोबत गेला होता, हे सगळं त्या वाक्याच्या मागं उभं असतं.

मग चर्चा करतात काय? एक तर आधीच ठरलेल्याला अधिक घट्ट करतात, मामाजींसारखं. दुसरं मला दारांत जाणवतं ते जास्त गंभीर आहे. चिठ्ठी हातात घेताना "सारे सारखेच, नुसते भांडून राहिले, जाऊन काय करू?" हे वाक्य मी खूप ऐकलंय, विशेषतः पस्तिशीच्या आतल्या लोकांकडून. २०२४ च्या लोकसभेला नागपूर मतदारसंघात ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. याचं सगळं खापर चर्चांवर फोडणं बरोबर नाही. ऊन होतं, याद्यांमध्ये चुका होत्या, घर बदललेले लोक होते. पण ज्याचं मत अजून ठरलेलं नाही तो असल्या आरडाओरड्याला कंटाळून घरी बसतो आणि ज्याचं पक्कं आहे तो जातो, अशी माझी समजूत झाली आहे.

आता तुम्हाला उलटी बाजूही सांगायला हवी, कारण मला तिथंच आशा दिसते. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये २०१२ च्या संसदीय निवडणुकीत मतदारसंघातल्या उमेदवारांचे समोरासमोरचे वाद रेकॉर्ड केले आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ११२ मतदान केंद्रांच्या भागांत संध्याकाळी पडदा लावून लोकांना दाखवले. जिथं दाखवले तिथं लोकांना उमेदवारांची जास्त माहिती झाली आणि वादात सरस ठरलेल्या उमेदवाराचा एकूण मतांतला वाटा सुमारे ५ टक्के-अंकांनी वाढला. एवढंच नाही, वादात उतरून निवडून आलेल्यांनी पुढे आपल्या मतदारसंघात विकासनिधीही जास्त खर्च केला. लोकांसमोर बोललेला शब्द मागे लागतो.

अमेरिकेत नाही आणि सिएरा लिओनमध्ये का? कारण तिथल्या मतदाराला आपल्या उमेदवारांची माहितीच नव्हती. आता आपल्याकडे बघा. मोदी-गांधींबद्दल मत नाही असा माणूस मला तरी दारात भेटलेला नाही. पण नगरसेवकाच्या उमेदवाराबद्दल? २०१७ च्या महापालिका निवडणुकीत नागपुरात १५१ जागा होत्या आणि जवळजवळ सगळे प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे एका मतदारानं चार वेळा बटण दाबायचं. त्या चौघांची नावं तरी सांगा म्हटलं तर चांगली शिकलेली माणसं दोनावर थांबायची. पाणी, नाली, कचरा, रस्ता हे ज्यांच्या हातात द्यायचं त्यांना आपण ओळखत नाही, आणि रात्री दोन तास ज्यांना ऐकतो त्यांचा आपल्या नालीशी काही संबंध नसतो. टीव्हीच्या चर्चेनं मत बदलत नाही याचं मला वाईट वाटत नाही. जिथं बदललं असतं तिथं चर्चाच होत नाही, याचं वाटतं.

त्या २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी आमच्या लेआउटच्या गणेश मंडळानं एक प्रयत्न केला होता. प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना समाजभवनात बोलावलं. मोठ्या पक्षांचे काही आलेच नाहीत, एकूण सात जण आले. माइक एकच, प्रत्येकाला पाच मिनिटं, मग लोकांचे प्रश्न, आणि मधे बोलायचं नाही हा नियम. सुरुवातीला भाषणंच झाली. मग खालच्या गल्लीतल्या एका आजीनं उभं राहून विचारलं, "आमच्या गल्लीत नळ किती वाजता येते, सांगा बरं." पहिल्या तिघांनी चोवीस तास पाणी देऊ असं सांगितलं. चौथी बाई होती, अपक्ष, फारसं बोलता न येणारी. ती म्हणाली, "पहाटे साडेचारला येते आजी, अन् सव्वापाचला जाते. शेवटच्या तीन घरांत चढतच नाही."

ती निवडून आली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मतदानापर्यंत पानठेल्यावर आणि किराण्याच्या दुकानात तिचंच नाव होतं. आमच्या शेजारच्या वहिनी, ज्या कधी कोणाला मत दिलं ते नवऱ्यालाही सांगत नाहीत, त्या मतदान करून आल्यावर मला स्वतःहून म्हणाल्या, "तीन बटणं नेहमीचीच दाबली. चौथं त्या साडेचारवालीचं."