शहरातल्या शहरात फिरायला सेकंडहँड बीएस6 डिझेल घ्यावी का? माझा अनुभव सांगतो

तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. नाशिकला गंगापूर रोडवरून सातपूरला सात किमी जायचं, तेवढंच यायचं, महिन्यातून एकदा गावी संगमनेरला, पहिलीच गाडी, आणि समोर आलीय ती 2020 ची बीएस6 (म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमांची) डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, 72,000 किमी झालेली, सव्वासात लाख सांगतायत. मालक म्हणतो डॅशबोर्डवर कधीमधी एक पिवळा दिवा लागतो पण हायवेला एक चक्कर मारली की जातो. आणि तुला घरचे सांगतायत की डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जास्त टिकतं, मग घेऊन टाकावी का. वयानं बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. माझं सरळ मत, ही गाडी तू घेऊ नको. दुसऱ्या कुणाच्या हातात ती अजून लाखभर किमी आरामात जाईल, पण तुझ्या वापरात ती दोन वर्षांत तुला रडवेल.

घरचे म्हणतात ते खोटं नाही, फक्त ते ज्या गाड्यांबद्दल बोलतायत त्या वेगळ्या होत्या. फियाटचं 1.3 मल्टिजेट आठव, तेच स्विफ्टमध्ये, तेच डिझायरमध्ये, तेच टाटाच्या व्हिस्टामध्ये, लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. टायमिंग चेनवालं, वेळच्या वेळी ऑइल बदललं की दोन-दोन लाख किमी इंजिन न उघडता गेलेल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात, त्यातल्या काही तर टॅक्सीला लागलेल्या. 1 एप्रिल 2020 ला बीएस6 आलं, मारुतीनं तेव्हा डिझेल गाड्या बंदच केल्या, आणि ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्या एक्झॉस्टमध्ये एक नवीन भाग आला, डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. तो पिवळा दिवा जवळजवळ नक्की त्याचाच आहे, कारण हायवेला नेल्यावर विझणारा दिवा दुसरा सहसा नसतो.

हा फिल्टर म्हणजे इंजिनजवळ बसवलेला एक डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी तिथं अडकते. डबा भरत आला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपणहून जास्तीचं डिझेल सोडतो, एक्झॉस्टचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो, याला रिजनरेशन म्हणतात. पण त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालती पाहिजे. आता तुझे सात किमी बघ, मध्ये सिग्नल, मध्ये ट्रॅफिक, इंजिन धड तापेपर्यंत ऑफिसचं गेट आलं आणि तू चावी बंद केलीस. काजळी अर्धवट जळाली. आणि जळायला म्हणून जे जास्तीचं डिझेल सोडलं होतं त्यातलं थोडं न जळता सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. महिन्यातून एकदा संगमनेरला सत्तर किमी गेलास म्हणून हे भरून निघत नाही, कारण शहरात डबा दोन-चारशे किमीत परत भरतो.

मला हे कसं कळलं ते सांगतो. 2022 मध्ये मी अशीच एक बीएस6 डिझेल घेतली, 41,000 किमी झालेली, अगदी स्वच्छ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण डीपीएफचा हा प्रश्न एका कंपनीचा नाहीच. माझी नोकरी तेव्हा पुण्याला होती, दर आठवड्याला नाशिक-पुणे, गाडी मस्त चालायची. सहा महिन्यांनी माझी बदली नाशिकला झाली आणि गाडी घरात राहिली. मग पोरांचा क्लास, भाजी, बायकोची शाळा, पाच-पाच किमीच्या फेऱ्या. तीन महिन्यांत पहिला दिवा. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी कॉम्प्युटर लावून उभ्या उभ्या रिजनरेशन केलं, 3,500 रुपये. चार महिन्यांनी परत दिवा, परत 3,500. अॅडव्हायझर दोन्ही वेळेला म्हणाला, सर हायवेला चालवत जा. अरे पण हायवेला जायचं कामच नाही तर काय नुसतं सिन्नरपर्यंत जाऊन यायचं का रोज?

मग एका रविवारी सकाळी, गाडी रात्रभर थंड, सपाट जागेवर उभी, मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढली. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्या जवळजवळ बोटभर वर. आधी वाटलं सर्व्हिसला जास्त भरलं असेल. पण सर्व्हिसनंतर मी स्वतः लेव्हल बघितली होती, तेव्हा ती दोन खुणांच्या मध्ये होती. म्हणजे ऑइल वाढलं होतं. आयुष्यभर ऑइल कमी होतंय का हेच बघत आलो, वाढलेलं पहिल्यांदाच बघत होतो. थेंब दोन बोटांत घेऊन चोळला तर पाण्यासारखा पातळ, आणि नाकाजवळ नेला तर सरळ डिझेलचा वास. त्या वेळी खरंच पोटात गोळा आला, कारण असल्या पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग किती दिवस चालणार. इंजिन चालू न करता मेस्त्रीला घरी बोलावलं आणि ऑइल तिथंच काढलं.

त्यानंतर दहा हजारांऐवजी दर चार हजारांना ऑइल बदलायला लागलो, फिल्टरसकट एका वेळचे 6,800, असे दोन जादाचे. मग डीपीएफचा प्रेशर सेन्सर गेला, 7,200. मग गाडी पिकअपच घेईना, सर्व्हिस सेंटरनं सांगितलं डीपीएफ बदलावा लागेल, कोटेशन 1,18,000. एक लाख अठरा हजार! मी तो कागद घेऊन घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. शेवटी आमच्या मेस्त्रीनं डबा खोलून पुण्याला मशीनवर धुवायला पाठवला, काढ-घाल धरून 16,000 लागले आणि गाडी परत पहिल्यासारखी झाली. वहीत बेरीज केली तर रिजनरेशनचे 7,000, जादा ऑइलचे 13,600, सेन्सर 7,200 आणि धुलाई 16,000, एकूण 43,800. हे सगळं नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वर, आणि फक्त ती गाडी शहरात फिरली म्हणून.

तीच गाडी 2024 मध्ये माझ्या मावसभावानं घेतली. त्याला सगळी हकीकत सांगून, बिलं दाखवून दिली, लपवलं काही नाही. तो औषध कंपनीत एमआर आहे, नाशिक-मालेगाव-धुळे असं आठवड्यातून चार दिवस पळतो. त्याच्याकडे आजपर्यंत तो दिवा एकदाही लागलेला नाही. लेव्हल मी अजून सवयीनं बघतो तो घरी आला की, बरोबर दोन खुणांच्या मध्ये. म्हणून म्हणतो, ही गाडी भरवशाची आहे का असं विचारण्याआधी ती रोज किती आणि कुठे चालणार ते सांग, त्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

आता पैशाचं बघू, कारण डिझेलचं आकर्षण तेवढ्यासाठीच असतं. तुझं महिन्याचं रनिंग पाचशेच्या आत, वर्षाचं सहा हजार किमी धर. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 धरलं, शहरात पेट्रोल गाडी 14 देते आणि डिझेल 17 देते असं धरलं, तर पेट्रोलला वर्षाला साडेचव्वेचाळीस हजार आणि डिझेलला बत्तीस हजार. वाचले साडेबारा हजार. एकदा डीपीएफ धुतला की एका वर्षाची बचत गेली आणि वर साडेतीन हजार खिशातून. बदलायची वेळ आली तर नऊ वर्षांची गेली. शिवाय डिझेलचा मोठा क्लच, इंजेक्टर, टर्बो, यातलं काहीही निघालं तर बिल पेट्रोलच्या दुप्पट-तिप्पट असतं.

कुणीतरी तुला सांगेलच की डीपीएफ आतून पोकळ करून टाक, ईसीयू रिमॅप कर म्हणजे त्यातलं प्रोग्रॅमिंग बदल, दहा-पंधरा हजारात कायमची कटकट जाते. हे करू नको आणि कुणी केलेली गाडी घेऊही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीनं दिलेल्या गाडीत असा फेरफार करता येत नाही, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले त्यावर बोट ठेवू शकतात, आणि ती सगळी काजळी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाते, ही गोष्ट मला फार लागते म्हणून लिहितोय. बघायला गेलास तर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरव. चालू डीपीएफच्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ येतं. काळं काजळ आलं तर आत जाळी फुटलीय किंवा काढलीय.

ज्यांच्याकडे अशी डिझेल आहे त्यांच्यासाठी एकच सांगतो, ऑइल लो-अॅश, म्हणजे डब्यावर सी2 किंवा सी3 लिहिलेलं, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि काजळीसारखी ती जळून जात नाही. सर्व्हिसच्या बिलावर ग्रेड लिहून मागा, माझ्या पहिल्या दोन बिलांवर नुसतं इंजिन ऑइल एवढंच होतं, त्यात काय ओतलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस की ऑफिसमधल्या सहकाऱ्याची 2019 ची 1.2 पेट्रोल मॅन्युअल हॅचबॅक पण आहे, 38,000 किमी, पावणेपाच लाख, पण ती छोटी वाटते. माझ्या मते तीच बघ. माझ्याकडे 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1,58,000 किमी झालेत, 2024 मध्ये पंधरा वर्षांची झाली तेव्हा 5,000 फी आणि ग्रीन टॅक्स भरून परत पासिंग करून घेतली. टायर, बॅटरी, इन्शुरन्स सोडून पंधरा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला चौदा हजारांच्या आसपास येते. पण सरासरीवर विसंबू नको, खर्च असा सरळ रेषेत येत नाही. 2016 ला फक्त 4,200 लागले आणि त्याच्या पुढच्या वर्षी क्लच, एसीची कूलिंग कॉइल आणि कॉम्प्रेसर सगळं एकदम. म्हणून वर्षाला पंचवीस हजार बाजूला काढून ठेव, एखाद्या वर्षी उरले तर पुढच्या वर्षाला कामाला येतात.

आणि त्या गाडीचं सगळ्यात मोठं बिल माझ्या हातानं आलंय, ते पण सांगतो. रेडिएटरच्या वरच्या रबरी होजला क्लिपजवळ पांढरट-हिरवट खार दिसायला लागला होता. मेस्त्री म्हणाला साहेब होज बदलून टाकू, साडेचारशे रुपये. मी म्हटलं दिवाळीनंतर बघू. दिवाळीतच कसारा घाट चढताना होज फुटला, टेम्परेचरचा काटा वर गेला, मागे ट्रकची रांग, थांबायला जागा नाही म्हणून तसंच दोनेक किमी रेटलं. हेड बेंड, गॅस्केट गेलं, हेड फेसिंग, टोइंग, सगळं मिळून 23,600. तेव्हापासून काटा लालकडे सरकला की मी जिथं असेन तिथं गाडी कडेला घेतो, मागचे कितीही हॉर्न मारोत.

तर त्या पेट्रोल गाडीला जाताना सकाळी लवकर जा आणि सहकाऱ्याला सांग की मी येईपर्यंत स्टार्ट करू नको. बॉनेटला हात लाव, गार पाहिजे. कूलंटच्या बाटलीत रंग स्वच्छ हिरवा किंवा गुलाबी हवा, चहासारखा तांबूस असेल तर नळाचं पाणी घालत आलेत. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून बघ, लोण्यासारखा पांढरट थर असेल तर तिथूनच परत फिर. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात राहिलेली आहे. टायरवरचे चार आकडे वाच, 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा, तेवढे जुने असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसली तरी चार टायरचे पैसे किमतीतून कमी करून माग. 2019 ची आहे म्हणजे ई20 साठी, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही, अॅव्हरेज थोडं कमी मिळेल, नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा गाड्यांना 6-7 टक्के घट सांगितलीय, ते धरून चाल आणि पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घे.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सवर मिळणारी सूट, सहकाऱ्याची त्याच्याकडेच राहते, ती तुला मिळत नाही, त्यामुळे इन्शुरन्स नावावर करताना फरकाचे पैसे भरावे लागतील, ते किमतीत आत्ताच बोलून घे. इन्शुरन्स ट्रान्सफरचा अर्ज चौदा दिवसांच्या आत टाक. बघून आलास की डिपस्टिकचा आणि कूलंटच्या बाटलीचा फोटो टाक, उजेडात काढलेला, मी बघून सांगतो.