वीज कंपनीवर झेपण्यापेक्षा जास्त कर्ज आहे, हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका वीज कंपनीचं डेट-इक्विटी (कर्ज भागिले भागधारकांचं भांडवल) 1.5 आहे, तीन वर्षांत कर्ज जवळजवळ दीडपट झालंय, पण नफा दरवर्षी वाढतोय. मग ही कंपनी कर्जात बुडतेय की व्यवस्थित चाललीय?

मी बरीच वर्षं कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने वीज कंपन्यांचे ताळेबंद वाचत आले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

1.5 हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, पण त्यावर विसंबूनही राहू नका. खांब, तारा, रोहित्रं, उपकेंद्रं हे सगळं आधी उभं करावं लागतं आणि त्याचे पैसे पुढची तीस-चाळीस वर्षं ग्राहकांच्या बिलांतून थोडे थोडे परत येतात. भागधारकाला सावकारापेक्षा जास्त परतावा लागतो. सगळं काम त्याच्याच पैशातून केलं तर वीज महाग होईल. म्हणून दर ठरवणारा नियामकच भांडवलात कर्जाचा मोठा वाटा धरून चालतो. दुसऱ्या एखाद्या धंद्यात जे कर्ज डोईजड वाटेल, ते इथे नेहमीचं असतं. एबिट्डाच्या, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या, चार-पाच पट कर्ज असलेल्या कितीतरी वीज कंपन्या वर्षानुवर्षं वेळेवर हप्ते फेडतात.

म्हणून कर्ज किती आहे यापेक्षा मी आधी हे विचारते, की ते कुणाच्या बिलातून फिटणार आहे आणि ते बिल लावायचा हक्क कंपनीला कुणी, किती काळासाठी दिलाय?

आकड्यांत सांगते. दोन कंपन्या धरा, दोघींवर कर्ज 10,000. चलन कुठलंही समजा. पहिलीकडे फक्त तारांचं जाळं आहे आणि तिचे दर नियामक ठरवतो. एबिट्डा 1,900, व्याज 450, कर 150. उरले 1,300. कामकाजातून हाती राहणाऱ्या या पैशाला एफएफओ म्हणतात. तो कर्जाच्या 13 टक्के आहे. दुसरीची स्वतःची वीजनिर्मिती केंद्रं आहेत आणि ती बाजारभावाने वीज विकते. एबिट्डा 2,500, व्याज 700, कर 200, उरले 1,600, म्हणजे 16 टक्के. गुणोत्तर पाहिलं तर दुसरी बरी. आता बाजारातला विजेचा भाव पडला आणि दुसरीचा एबिट्डा 1,500 वर आला. व्याज तेवढंच, कर जवळजवळ शून्य. हाती 800, म्हणजे 8 टक्के. कर्ज एबिट्डाच्या चार पट होतं, ते पावणेसात पटीच्या घरात गेलं. पहिली मात्र जिथल्या तिथे आहे, कारण तिच्या तारा वापरल्याचं शुल्क विजेच्या भावावर अवलंबून नाही.

पतमानांकन संस्थाही हाच भेद करतात. मूडीजच्या नियमन असलेल्या वीज कंपन्यांसाठीच्या पद्धतीत, खेळत्या भांडवलातले बदल बाजूला ठेवून येणारा रोखप्रवाह (साधारण वरच्या एफएफओसारखाच) आणि कर्ज यांचं गुणोत्तर बघतात. नेहमीच्या वीज कंपनीला बीएए श्रेणीसाठी, म्हणजे गुंतवणूकयोग्य श्रेणींतल्या सगळ्यात खालच्या पायरीसाठी, ते साधारण 13 ते 22 टक्के लागतं. फक्त जाळं असलेल्या कमी जोखमीच्या कंपनीला 11 ते 19 टक्केही चालतं. म्हणून तुमच्या कंपनीचं गुणोत्तर काढलंत की आधी तिच्या कमाईचा किती भाग ठरलेल्या दरांतून येतो आणि किती बाजारातून, ते शोधा. वार्षिक अहवालात विभागवार आकडे असतात, तिथे हे सापडतं.

आता कर्ज नेमकं कुठल्या कंपनीच्या नावावर आहे, याबद्दल. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका वीज समूहाची टिपणी लिहिली होती. एकत्रित ताळेबंदावरून गुणोत्तरं काढली, सगळी चांगली आली आणि मी समाधानाने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पेन्सिलने कर्जाच्या आकड्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "हे कर्ज कुठल्या घरात आहे?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी टिपांमधलं एक पान उघडून दाखवलं. कर्जाचा तिसरा हिस्सा सगळ्यात वरच्या होल्डिंग कंपनीत, म्हणजे बाकीच्या कंपन्यांची मालकी असलेल्या कंपनीत होता. तिच्याकडे एकही खांब नव्हता, एकही ग्राहक नव्हता. खालच्या कंपनीकडून लाभांश आला तरच तिचं व्याज भागणार होतं. आणि खालच्या कंपनीचा लाभांश रोखायचा अधिकार नियामकाकडे होता. ती टिपणी मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली.

होल्डिंग कंपनीतलं कर्ज आणखी एका तऱ्हेने फसवतं. वरची कंपनी कर्ज काढते आणि तेच पैसे खालच्या कंपनीत भागभांडवल म्हणून घालते. खालच्या कंपनीचं डेट-इक्विटी त्यामुळे छान दिसतं, पण ते भांडवलही उसनंच असतं. अमेरिकेत वीज उद्योजक सॅम्युएल इन्सल यांनी अशा कंपन्यांवर कंपन्या रचल्या होत्या. 1932 साली तो डोलारा कोसळला आणि 1935 मध्ये वीज क्षेत्रातल्या होल्डिंग कंपन्यांवर बंधनं घालणारा कायदा आला. म्हणून तुमचं 1.5 कुठल्या पातळीवरचं आहे ते बघाच. वरच्या कंपनीतलं कर्ज एकूण कर्जाच्या पावपटीच्या वर गेलं, की मी पुढचं सगळं वाचन दुप्पट काळजीने करते. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही.

याची दुसरी बाजू टेक्ससमध्ये दिसली. टीएक्सयू ही मोठी वीज कंपनी 2007 मध्ये केकेआर आणि टीपीजी या गुंतवणूक संस्थांनी आणि गोल्डमन सॅक्सच्या गुंतवणूक विभागाने सुमारे 45 अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यातला बराचसा पैसा कर्जाचा होता. एनर्जी फ्यूचर होल्डिंग्ज हे तिचं नवं नाव. नैसर्गिक वायू महाग राहील आणि त्यामुळे वीजही महाग राहील, असा हिशोब होता. खडकांच्या थरांतून काढलेला शेल वायू आला, भाव कोसळले, आणि 2014 च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. वॉरन बफे यांच्या बर्कशायरने तिचे सुमारे 2 अब्ज डॉलरचे कर्जरोखे घेतले होते. त्यात करपूर्व 87.3 कोटी डॉलरचा तोटा झाल्याचं त्यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं. पण त्याच समूहातली ऑन्कोर ही तारांची कंपनी दिवाळखोरीत गेलीच नाही. तिच्याभोवती कायदेशीर कुंपण घातलेलं होतं: वेगळं संचालक मंडळ, लाभांशावर मर्यादा, आणि वरच्यांचं कर्ज तिच्या मालमत्तेवर चढणार नाही अशी सोय. रोखे घेणार असाल तर तुम्ही कुंपणाच्या आत आहात की बाहेर, हे आधी बघा.

यानंतर ताळेबंदातल्या 'कर्ज' या ओळीत न येणारी कर्जं. निवृत्तिवेतन निधीतली तूट, भाडेपट्ट्यांची देणी, जुनी केंद्रं मोडीत काढायचा खर्च, अणुकेंद्र असेल तर तो फारच मोठा. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या कंपनीत तूट 600, मोडीत काढायचा खर्च 900 आणि भाडेपट्टे 500 धरले, तर 10,000 चे 12,000 होतात आणि 13 टक्क्यांचं गुणोत्तर 11 च्या खाली येतं. दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करारही असेच. वीज घ्या वा न घ्या, ठरलेली रक्कम द्यायचीच असेल तर ते कर्जाचंच रूप आहे. उलट काही ठिकाणी वादळाच्या नुकसानीसारख्या खर्चासाठी वेगळे रोखे काढतात आणि त्यांच्या फेडीसाठी बिलात स्वतंत्र आकार लावतात. ते रोखे मी गुणोत्तर काढताना कर्जातून वजा करते.

असे करार कागदावर भक्कम दिसले तरी न्यायालयात टिकतील का, हाही प्रश्न असतो. वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक वीज संस्थांच्या एका संयुक्त यंत्रणेने अणुकेंद्र 4 आणि 5 साठी 2.25 अब्ज डॉलरचे रोखे विकले होते. केंद्रं पुरी होवोत न होवोत, सहभागी संस्था पैसे देणार, असे करार होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ठरवलं, की असे करार करायचा अधिकारच त्या संस्थांना नव्हता. रोखे थकले. रोखेधारक ज्या बिलांवर विसंबले होते, ती बिलं लावायचा हक्कच शिल्लक राहिला नाही.

आणि काही देणी तर आधी कुठेच लिहिलेली नसतात. कॅलिफोर्नियाची पीजी अँड ई ही वीज कंपनी दोनदा दिवाळखोरीत गेली. 2001 मध्ये घाऊक वीज भडकली आणि ग्राहकांचे दर गोठवलेले होते, त्यामुळे. 2019 च्या जानेवारीत वणव्यांच्या भरपाईमुळे. त्या दायित्वाचा अंदाज 30 अब्ज डॉलरच्या घरात होता. आदल्या वर्षीच्या ताळेबंदावरून डेट-इक्विटी काढणाऱ्याला यातलं काहीही दिसलं नसतं. म्हणून जुन्या तारा कुठून जातात आणि अपघाताची जबाबदारी तिथला कायदा कुणावर टाकतो, हेही पतमूल्यांकनातच येतं.

तुम्ही म्हणता नफा वाढतोय. कंपनीचं मोठं बांधकाम चालू असेल तर हा नफा नीट उकलून बघा. बांधकामाच्या काळातलं व्याज, आणि कित्येक ठिकाणी भागधारकांचा गृहीत परतावाही, मालमत्तेच्या किमतीत मिळवतात. नफा-तोटा पत्रकात व्याज कमी दिसतं, नफा फुगतो, पण एक पैसाही आलेला नसतो. न्यू हॅम्पशायरची पब्लिक सर्व्हिस कंपनी सीब्रूक अणुकेंद्रात अशीच अडकली. अपूर्ण बांधकामाचा खर्च ग्राहकांकडून घ्यायला राज्याच्या कायद्याची बंदी होती, केंद्र रखडत गेलं, कर्ज वाढत गेलं. 1988 च्या जानेवारीत ती दिवाळखोरीत गेली. महामंदीनंतर अमेरिकेत खासगी वीज कंपनीवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. व्याज किती पट भरून निघतं हे काढताना मालमत्तेत मिळवलेलं व्याज परत खर्चात धरा. तिपटीचं दीडपट झालेलं मी पाहिलंय.

तसंच इंधनाचं. इंधन महागलं, कंपनीने 800 जास्त मोजले, पण नियामक म्हणाला वसुली पुढच्या दोन वर्षांत करा. हिशोबात ही 'वसूल व्हायची रक्कम' मालमत्ता म्हणून बसते, नफ्याला ओरखडाही पडत नाही, आणि कंपनी मात्र ते 800 अल्पमुदतीच्या कर्जातून भागवते. म्हणून एफएफओच्या शेजारी प्रत्यक्ष रोखप्रवाहाचा आकडा मांडून बघा. दोन्हींत दरवर्षी मोठी फट दिसली, तर ती रक्कम नियामकाने लेखी मान्य केलीय का ते शोधा.

मुदतींचा तक्ता पाच मिनिटांत बघून होतो, पण चुकवू नका: पुढच्या दोन वर्षांत किती कर्ज फेडायचंय, बँकेची न वापरलेली पतमर्यादा किती आहे, बदलत्या व्याजाचं कर्ज किती. व्याज वाढलं तर नियामक पुढच्या दरनिश्चितीत ते बहुधा धरतो, पण तोवरचा भार कंपनी स्वतः सोसते.

आता तुमच्या कंपनीचं दीडपट झालेलं कर्ज. तीन वर्षांची रोखप्रवाह पत्रकं समोर घ्या. कामकाजातून आलेली रोख, भांडवली खर्च, लाभांश आणि इतर कंपन्या विकत घ्यायला घातलेले पैसे, अशा चार बेरजा करा. कर्ज भांडवली खर्चात गेलं असेल तर दरनिश्चितीचा आदेश उघडा आणि त्यातला किती खर्च नियामकाने मान्य केलाय ते जुळवा. जेवढा मान्य, तेवढ्या कर्जामागे पुढच्या बिलांचा आधार आहे. लाभांश किंवा खरेदीत गेलं असेल तर त्या कर्जासाठी एकही नवा खांब उभा राहिलेला नाही आणि त्यासाठी कुठलाही नियामक दर वाढवून देणार नाही. चारही बेरजा इथे कळवल्यात तर मी नक्की बघेन.