पळणं थांबलं, आता पुढे काय?

"मॅडम, आठ वर्षं पळाली की हो पोरगी. आता सगळं पाण्यात का?" सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांनी बसल्या बसल्याच विचारलं. शेजारी २२ वर्षांची मुलगी गप्प. २०० मीटर धावणारी. एकाच पायाचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तिसऱ्यांदा फाटलं होतं आणि डॉक्टरांनी स्पर्धा बंद करायला सांगितलं होतं.

समुपदेशक म्हणून खेळाडूंच्या घरून हा प्रश्न मला नेहमी येतो. पहिल्याच भेटीत मी अभ्यासक्रमांची यादी काढली, ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरात माणूस गेलं की तेराव्याच्या आत कुणी वाटण्यांचं बोलत नाही. मी नेमकं तेच करत होते. पुढच्या तीन भेटी फक्त पळण्यावरच बोललो. पार्क स्टेडियमकडचा रस्तासुद्धा ती टाळत होती.

मग एके दिवशी ती डायऱ्या घेऊन आली. रोजची वेळ, झोप, पाळीचे दिवस, मांडीत कुठे ओढ बसली, सगळं टिपलेलं. शेवटच्या दुखापतीआधीच्या नऊ दिवसांवर पेन्सिलीची रेघ होती. "इथंच मला कळायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, एकदा दुखावलेलं हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मुळातच जास्त असतो. वेगात धावताना पुढे गेलेला पाय जमिनीला टेकण्याआधी आवरायचा असतो, तेव्हा या स्नायूवर फार ताण येतो. दोष एकट्या तुझा नाही.

"पण तो ताण मोजतात कसा?" इतक्या दिवसांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिला मी राल्फ मॅनबद्दल सांगितलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ४८.५१ सेकंदांत रौप्यपदक, तिसऱ्यापेक्षा फक्त एक शतांश सेकंद पुढे. नंतर त्यांनी बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या बलांच्या शास्त्रात, डॉक्टरेट केली आणि धावपटूंची चित्रणं तपासत वेगाचं गणित मांडलं.

प्रत्येकानं याच वाटेनं जावं असं नाही. काहींना मैदान नकोसंच होतं, तेही बरोबर आहे. हिला मात्र हवं होतं. बी.एस्सी. झालेलीच होती, आता क्रीडाशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी चाललीय. नोकऱ्या मोजक्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे वडिलांना मी स्पष्ट सांगितलं. त्यांची काळजी अजून गेलेली नाही.

तरी रविवारी पहाटे ते तिच्याबरोबर मैदानावर जातात. लहान मुली पळतात, हे गुडघ्यावर बसून मोबाईल धरतात. "हलवू नका म्हणती, श्वाससुद्धा धरून बसतो बगा."